सकाळ झाल्यावर निघू

सीमेवरचा तोफांचा मारा थांबला की दुसऱ्या दिवशी आकडे येतात. मृत इतके, जखमी इतके, पडलेली घरं इतकी, मेलेली जनावरं इतकी. महसूल खात्याची माणसं येतात, पंचनामा होतो, फोटो निघतात. छर्रा लागून मेलेल्या म्हशीचीही त्यात नोंद होते. ती व्हायलाच हवी, कारण कितीतरी घरांचा सगळा भार त्या एका म्हशीवर असतो. पण त्याच रात्री त्याच गावात एखादीला कळा सुरू झालेल्या असतात. घरचे म्हणतात, सकाळ झाल्यावर निघू. सकाळपर्यंत बाळ पोटातच गेलेलं असतं. या बाईची नोंद त्या कागदावर कुठेच होत नाही. तिला छर्रा लागलेला नसतो, तिच्या छपराचा पत्राही फाटलेला नसतो. सरकारी भाषेत त्या रात्री तिचं काहीच नुकसान झालेलं नसतं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. 2021 च्या फेब्रुवारीत भारत आणि पाकिस्तानच्या लष्करांनी नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी पाळायचं पुन्हा एकदा ठरवलं. त्यानंतरच्या शांत काळात एका वैद्यकीय शिबिराच्या निमित्ताने मी पूंछ जिल्ह्यात गेले आणि मग जात राहिले. पूंछ, उरी, केरन, माछिल ही नावं महाराष्ट्रात आपल्या कानावर पडतात ती साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या गावात तिरंग्यात गुंडाळलेलं पार्थिव येतं तेव्हा. त्या गावांत लोक राहतात, त्यांना मधुमेह होतो, त्यांची मुलं तापाने फणफणतात, त्यांच्या सुना बाळंत होतात, हे बातमीत येत नाही. मला लिहायचं आहे ते याच, बातमीत न येणाऱ्या आजारपणाबद्दल.

आधी अंतर समजून घ्यायला हवं. नकाशात पूंछ शहर नियंत्रण रेषेला अगदी खेटून आहे, जवळजवळ तीन बाजूंनी रेषेने वेढलेलं. आजूबाजूच्या डोंगरांवर पलीकडची ठाणी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. इथून जम्मू साधारण 235 किलोमीटर. रस्ता घाटाचा आणि वळणांचा. सगळं सुरळीत असलं तर सहा-सात तास. राजौरी त्यामानाने जवळ, नव्वदेक किलोमीटर. तिथे 2019 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि त्याने खरोखरच जीव वाचवले. श्रीनगरला जायचं तर मुघल रोड आहे, पीर की गलीवरून शोपियानला उतरणारा. पण तो हिवाळ्यात बर्फाखाली जातो. एके काळी पूंछहून उरीला हाजी पीर खिंडीतून जात. ते अंतर साठ किलोमीटरही नव्हतं. 1965 च्या ऑगस्टमध्ये ती खिंड भारतीय सैन्याने घेतली, ताश्कंद करारानंतर परत केली, आणि तो रस्ता बंदच राहिला. पूंछचं जुनं संस्थान 1947 मध्ये मधोमध चिरलं गेलं. रावळकोट पलीकडे गेलं, पूंछ अलीकडे राहिलं. ज्या रस्त्यांनी लोक बाजारहाटाला, सोयरिकीला आणि वैद्य-हकिमाकडे जात होते ते सगळे एका रेषेवर येऊन संपले.

आता या अंतरासमोर माझ्या शास्त्रातलं एक वेळापत्रक ठेवते. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर मृत्यूला सरासरी दोन तास लागतात. बाळंतपणाआधीच्या रक्तस्रावात बारा तास. झटके आले तर दोन दिवस. बाळ अडलं तर तीन दिवस. प्रसूतिशास्त्र शिकताना हे आकडे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. पूंछहून जम्मूला जाणाऱ्या रस्त्यावर, गाडीच्या मागच्या सीटवर बसून ते पुन्हा आठवले तेव्हा त्यांचा अर्थ पार वेगळा लागला. दोन तासांत आम्ही राजौरीलाही पोचलो नव्हतो. आणि तेव्हा बंदुका शांत होत्या, रस्ता उघडा होता, दिवस होता.

आई वेळेवर दवाखान्यात का पोचत नाही, याची एक मांडणी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधकांनी 1994 मध्ये केली. आजही आम्ही तीच वापरतो. उशीर तीन ठिकाणी होतो, असं त्या सांगतात: घरी निर्णय घ्यायला, दवाखान्यापर्यंत पोचायला, आणि पोचल्यावर उपचार मिळायला. सीमेवरच्या गावांना ही मांडणी लावली तर दिसतं की तोफगोळा हे तिन्ही उशीर वाढवतो. रस्त्याचा उशीर सगळ्यांना कळतो आणि दवाखान्याचा निदान तक्रारीत तरी येतो. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो पहिला, घरातला. कारण तो उंबऱ्याच्या आत होतो आणि त्याचा दोष घरच्यांच्याच माथी मारला जातो.

अडाणी लोक आहेत, वेळेवर आणत नाहीत. हे वाक्य मी अनेक दवाखान्यांत ऐकलं आहे, फक्त तिथेच नव्हे. तिथल्या एका आशा कार्यकर्तीने मला त्या वाक्यामागचं गणित उलगडून दाखवलं. वयाने ती माझ्यापेक्षा मोठी, गावात सगळे तिला बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात, मीही बाजीच म्हणते. तिचं गाव रेषेपासून हाकेच्या अंतरावर. मी तिला विचारलं होतं, "बाजी, फायरिंग सुरू असताना कळा आल्या तर घरातले काय ठरवतात?"

"मॅडम, घरात एक जण अडलेली असते," ती म्हणाली. "गाडीत पाच जण बसणार. ती, तिची सासू, नवरा, मी आणि ड्रायव्हर. गाडीवर गोळा पडला तर पाच जीव जातात. थांबलो तर कदाचित एकच जीव जातो, आणि कदाचित तोही जात नाही. तुम्ही काय ठरवलं असतं?"

मी काही बोलले नाही. तिने उत्तराची वाटही पाहिली नाही, पुढच्या घराकडे चालायला लागली.

हे गणित चुकीचं नाही. एखादा निष्णात शल्यचिकित्सक ऑपरेशनआधी धोका आणि फायदा तोलतो, तितक्याच काटेकोरपणे ते घर धोका तोलत असतं. फरक इतकाच की शल्यचिकित्सकाच्या हाताशी तपासण्या असतात, आणि या घराला फक्त आवाज ऐकू येतात: गोळा कुठून सुटला, कुठे पडला, दोन स्फोटांमध्ये किती वेळ गेला. तिथली लहान मुलंही आवाजावरून हत्यार ओळखतात. एवढ्याशा माहितीवर बाईला न्यायचं की नाही हे ठरवायचं असतं, मध्यरात्री, दिवे मालवून.

त्याहून जड वाटलं ते पुढचं. मी गेले तेव्हा शस्त्रसंधी होती. 2020 मध्ये वर्षभरात शस्त्रसंधीभंगाच्या पाच हजारांहून जास्त घटना सरकारने नोंदवल्या होत्या. त्यानंतरची ही शांतता लोकांना नवलाची वाटत होती. शेतं पुन्हा कसली जात होती, लग्नांत रात्री वाजंत्री वाजत होती. तरीसुद्धा रात्री कळा सुरू झाल्या की कितीतरी घरं अजून सकाळपर्यंत थांबत होती. गोळाबार बंद झाला होता, पण अंधार पडल्यावर रस्त्यावर निघायचं नाही ही शिस्त पिढ्यांची होती. ज्या सासूने स्वतःची तिन्ही बाळंतपणं भिंतीच्या आडोशाला काढली, तिला कागदावरचा करार एका वर्षात बाहेर कसा काढणार? त्या काळात मला अडलेली, ताटकळलेली बाळंतीण दिसली की मी कारणं विचारायची. भीती हे कारण क्वचितच कुणी सांगायचं. ते म्हणायचे, "गाडी मिळाली नाही," "पाऊस होता," "वाटलं थांबतील कळा." अशी भीती कुठल्याच नमुन्यात भरता येत नाही. ती सवय होऊन बसलेली असते.

काही गावं तर कुंपणाच्याही पुढे आहेत. 2003-04 च्या सुमारास घुसखोरी रोखायला नियंत्रण रेषेच्या अलीकडे काटेरी तारांचं दुहेरी कुंपण उभं राहिलं. जमीन जशी मिळाली तसं ते मागे-पुढे गेलं आणि काही वस्त्या कुंपण आणि रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात राहिल्या. तिथल्या लोकांना ये-जा करायला फाटकं आहेत, फाटकांना वेळा आहेत, ओळखपत्रं आहेत, नोंदवही आहे. रात्री फाटक बंद असतं. आजारी माणसासाठी ते उघडतात, अनेकदा जवान स्वतः स्ट्रेचर धरतात, हे मला तिथल्या लोकांनीच सांगितलं आणि ते आवर्जून लिहायला हवं. पण उघडायच्या आधी निरोप जातो, वरून होकार येतो, तपासणी होते. दोन तासांच्या वेळापत्रकात हा प्रत्येक टप्पा मोजावा लागतो. आणि फाटक उघडेल की नाही या शंकेने घरातून निघतानाच पाय मागे ओढला जातो, तो वेळ तर कुणीच मोजत नाही.

लष्कराबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी एकत्र आहेत आणि त्या मी वेगळ्या करू शकत नाही. माछिल, केरन, गुरेझसारख्या भागांत खिंडी बर्फाने बंद झाल्या की गरोदर बायकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढलं जातं. कितीतरी गावांत पलटणीचा डॉक्टर हाच काय तो डॉक्टर. त्याच्याकडे गावकरी ताप-खोकल्यापासून हात मोडण्यापर्यंत सगळं घेऊन जातात आणि तो बघतो. त्याचबरोबर हेही खरं की ज्या दिवशी मारा सुरू होतो त्या दिवशी ती चौकीच पहिलं लक्ष्य असते. गावाला सर्वांत जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच त्या डॉक्टरकडे जाणं सर्वांत धोक्याचं होतं. माणूस चांगला, सेवा चांगली, पण नागरी दवाखान्याची जागा ती घेऊ शकत नाही. घेऊही नये.

नागरी दवाखान्याची कथा थोडक्यात सांगते, कारण ती आपल्याकडच्या दुर्गम भागांसारखीच आहे. इमारत आहे, पाटी आहे, मंजूर पदं आहेत. भूलतज्ज्ञ असेल तर शल्यचिकित्सक नसतो, दोघे असतील तर रक्त नसतं. नेमणूक सीमेवर आणि प्रत्यक्षात काम शहरात, याला तिथे अटॅचमेंट म्हणतात. तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. ज्याची मुलं लहान आहेत त्याने गोळ्यांच्या टप्प्यात राहावं, एवढी अपेक्षा करताना त्याला मजबूत निवासस्थान तरी द्यायला हवं. ते नसतं. म्हणून तो जातो. मागे राहते ती स्थानिक परिचारिका, स्थानिक आशा आणि स्थानिक रुग्णवाहिकाचालक, कारण त्यांचं घरच तिथे आहे. सीमेवरची आरोग्यसेवा प्रत्यक्षात या तिघांच्या जिवावर चालते. एका चालकाने मला सांगितलं की माऱ्याच्या काळात काही वळणांवर तो दिवे बंद करून, खिडकीतून डोकं बाहेर काढून, रस्त्याची कड बघत गाडी हाकायचा. मागे पेशंट, बाजूला दरी. हे तो एखाद्या रोजच्या कामासारखं सांगत होता.

लसीकरणाचंही असंच. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. बर्फाच्या पेटीतून ती उपकेंद्रापर्यंत येते, ठरलेल्या दिवशी टोचून संपवायची असते. वीज गेली, रस्ता बंद झाला, शाळेत विस्थापितांची छावणी लागली, की तो दिवस हुकतो. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिनही त्याच थंडाव्यावर जगतं. मारा दोन दिवसांत थांबतो. हुकलेली गोवराची लस मात्र पुढच्या साथीत दिसते, तेव्हा तिचा आणि त्या दोन दिवसांचा संबंध कुणी जोडत नाही.

आणि सुरुंग. 2001 च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाल्यावर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली. 2002 च्या ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या त्या ऑपरेशन पराक्रममध्ये सीमेवरच्या शेतांत मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. रेषेलगत तर त्याआधीपासूनच होते. सुरुंगबंदीच्या ओटावा करारावर भारताची सही नाही आणि पाकिस्तानचीही नाही. पाऊस झाला, बर्फ वितळलं, माती सरकली की सुरुंग जागा सोडतात, मग नकाशाचा उपयोग उरत नाही. गवत कापायला गेलेली बाई, गुरांमागे गेलेला मुलगा यांचा पाय जातो. शिबिरात गुडघ्याखाली पाय नसलेला एक तरुण आला होता. आला होता पाठदुखीसाठी. त्याचा कृत्रिम पाय लहानपणी बसवलेला, मग शरीर वाढलं, पाय तोच राहिला, चालणं वाकडं झालं आणि मणके दुखायला लागले. वाढत्या मुलाचा कृत्रिम पाय पुन्हापुन्हा बदलावा लागतो, मोठ्या माणसाचाही काही वर्षांनी झिजतो. प्रत्येक वेळी जम्मूपर्यंत जायचं, मापं द्यायची, मुक्काम करायचा, पुन्हा जायचं, आणि त्यात मजुरी बुडते. सुरुंगाचा स्फोट क्षणाचा असतो, आणि नंतर त्या माणसाला आयुष्यभर दवाखान्याची गरज लागत राहते, तीही अशा जागी जिथून दवाखाना सर्वांत लांब आहे. त्याच्या पाठीसाठी मी फारसं काही करू शकले नाही. पायाचं माप घेणारं कुणी आमच्या शिबिरात नव्हतं.

मग 2025 चा मे आला. पहलगाममध्ये 22 एप्रिलला 26 जणांची हत्या झाली होती. 7 मेच्या पहाटे भारताने ऑपरेशन सिंदूर केलं, आणि त्यानंतर पूंछवर जो मारा झाला तो शहराने 1971 नंतर पाहिला नव्हता, असं तिथली म्हातारी माणसं सांगतात. घरं, गुरुद्वारा, शाळेचा परिसर, काही सुटलं नाही. एकट्या पूंछमध्ये डझनाहून जास्त नागरिक मारले गेले, त्यात लहान मुलं होती. मी इथे टीव्हीसमोर बसून फोन लावत होते. बाजीचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा ती पूंछ जिल्ह्यातल्याच सुरणकोटला एका नातेवाइकाकडे होती, गावातल्या दोन गरोदर बायकांना बरोबर घेऊन गेली होती. शहरातले हजारो लोक त्या दिवसांत मिळेल त्या गाडीने सुरणकोटकडे, राजौरीकडे, जम्मूकडे निघाले होते. त्याच एका रस्त्यावर जखमींना नेणाऱ्या रुग्णवाहिका होत्या, आणि रात्री ब्लॅकआउट.

10 मेला शस्त्रसंधी जाहीर झाली. त्यानंतर बंकरची चर्चा सुरू झाली. 2017 च्या डिसेंबरात केंद्राने जम्मू, सांबा, कठुआ, राजौरी आणि पूंछ या पाच जिल्ह्यांसाठी 14,460 बंकर मंजूर केले होते. घरगुती बंकर 160 चौरस फुटांचा, आठ माणसांसाठी; सामुदायिक 800 चौरस फुटांचा, चाळीस जणांसाठी. जिथे ते बांधले गेले तिथे त्यांनी जीव वाचवले, यात वाद नाही. पूंछ शहरात मात्र ते जवळजवळ नव्हतेच, शहरापर्यंत गोळे येतील असं कुणी धरलं नव्हतं. मला त्या आकड्यांपाशी थांबावंसं वाटतं. 160 चौरस फूट आणि आठ माणसं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला वीस चौरस फूट. त्यात एखादीला कळा सुरू झाल्या तर? बाजीने जुन्या काळात असं एक बाळंतपण केलं आहे. सासरा आणि दीर भिंतीकडे तोंड करून बसले होते. पाणी एका घागरीत जेवढं आणलं तेवढंच. नाळ बांधायला दोरा होता, कापायला नवं पातं तिने पिशवीत ठेवलेलंच असायचं. बाळ रडलं आणि बाहेर गोळा पडला, दोन्ही एकदमच, असं ती म्हणाली. आई आणि मूल दोन्ही जगले. पण त्या बाईला रक्तस्राव झाला असता तर माझ्यासारखी डिग्रीवाली तिथे असूनही काही करू शकली नसती.

म्हणून बंकर मोजताना मला वाटतं की दवाखान्याचा बंकर वेगळा मोजायला हवा. हे स्वप्नरंजन नाही. इस्रायलच्या उत्तर सीमेपासून दहाएक किलोमीटरवर नहारिया इथे गॅलिली मेडिकल सेंटर आहे. 2006 च्या युद्धात त्याच्या नेत्रविभागावर रॉकेट पडलं, पण रुग्णांना आधीच तळघरातल्या वॉर्डांत हलवलं होतं. 2023 च्या ऑक्टोबरात पुन्हा ते अख्खं रुग्णालय जमिनीखाली गेलं आणि चालू राहिलं. त्याच सीमेच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिण लेबनॉनमध्ये, मर्जायूनचं सरकारी रुग्णालय 2024 च्या ऑक्टोबरात दाराशीच हल्ला होऊन आरोग्यसेवक मारले गेल्यावर बंद करावं लागलं. एकीकडे तळघर होतं म्हणून उपचार चालू राहिले, दुसरीकडे आजारी माणसाला आणखी लांब जावं लागलं. रुग्णालयं, रुग्णवाहिका आणि वैद्यकीय कर्मचारी यांच्यावरच्या हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव 2286 संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 3 मे 2016 रोजी केला आहे. तो हवाच. पण 24 जुलै 2025 ला थायलंड आणि कंबोडियात लढाई पेटली तेव्हा सुरिन प्रांतातल्या फनोम डोंग राक रुग्णालयावर गोळे पडलेच, आणि सीमेलगतची अनेक रुग्णालयं रिकामी करावी लागली. तिथल्या गावांतल्या गरोदर बाया, डायलिसिसवरचे रुग्ण, रोज इन्सुलिन घेणारे म्हातारे त्या दिवसांत कुठे गेले असतील, याचा विचार मी पूंछच्या अनुभवामुळेच करू शकले.

सीमेपलीकडचं दुःख लिहिताना हात अडखळतो, विशेषतः 2025 नंतर. पण डॉक्टर म्हणून मला ते वगळता येत नाही. किशनगंगेला पलीकडे नीलम म्हणतात. त्या खोऱ्यातला मुख्य रस्ता नदीच्या काठाने, कितीतरी ठिकाणी भारतीय चौक्यांच्या नजरेखालून जातो. 1990 च्या दशकात आणि 2003 च्या शस्त्रसंधीपर्यंत गोळीबारामुळे तो दीर्घकाळ बंद असायचा. तिथली बाळंतीणही मुझफ्फराबादला पोचायला सकाळची वाट बघत होती. आणि अलीकडच्या करनाहमधून, टीटवालच्या बाजूने बघितलं तर ते मुझफ्फराबाद श्रीनगरपेक्षा जवळ. 1947 आधी करनाह हा मुझफ्फराबाद जिल्ह्यातलाच तालुका होता. आज करनाहच्या आजारी माणसाला साधना खिंड ओलांडून कुपवाड्याला जावं लागतं, आणि हिवाळ्यात बर्फाने खिंड अडते, म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षं बोगदा मागत आहेत.

एकदा ही रेषा किलकिली झाली होती. 8 ऑक्टोबर 2005 च्या भूकंपात मुझफ्फराबाद कोसळलं, इकडे उरी आणि तंगधार. त्यानंतर नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणी ये-जा सुरू करण्याचं दोन्ही सरकारांनी ठरवलं. भारताने रेषेजवळ मदतछावण्याही उभारल्या. मग याद्यांची देवाणघेवाण, पडताळणी, परवानगी यात दिवस गेले, आणि मोडलेली हाडं तशीच थांबून राहिली. त्याच्या दोन वर्षं आधी, 2003 च्या जुलैमध्ये, दिल्ली-लाहोर बस पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्याच बसने एक चिमुरडी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी भारतात आली होती. बंगळुरूला तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही देशांनी तिच्यासाठी प्रार्थना केल्या. 2025 च्या एप्रिलअखेर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, वैद्यकीय व्हिसांना 29 एप्रिलपर्यंत मुदत मिळाली, आणि उपचारासाठी आलेली कुटुंबं अटारीवरून परत गेली. त्यात जन्मजात हृदयविकाराची मुलंही होती. पहलगामच्या घरांचं दुःख माझ्या डोळ्यांसमोर आहे. तरी शस्त्रक्रियेची तारीख ठरलेलं मूल टेबलापर्यंत न पोचता माघारी जातं, तेव्हा मला पोटात कालवल्यासारखं होतं, आणि मूल कुणाचं आहे याने त्यात फरक पडत नाही.

गडचिरोलीसारख्या आपल्या आदिवासी भागांत एक साधी व्यवस्था आहे, माहेरघर. दिवस भरत आले की दुर्गम पाड्यावरची बाई प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत येऊन राहते, सोबत घरचं कुणीतरी, जेवणाची सोय. पावसाने नाला चढला तरी बाळंतपण दवाखान्यात होतं. मी बाजीला याबद्दल सांगितलं तेव्हा ती थबकून ऐकत राहिली आणि मग एकामागून एक प्रश्न विचारत गेली: खोलीत चूल असते का, सासूला राहू देतात का, आधीची लहान मुलं कुठे ठेवायची, गुरांना कोण बघणार. प्रत्येक प्रश्न रास्त होता. शेवटच्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मे 2025 नंतर तिने तिच्यापुरती पद्धत सुरू केली आहे. नववा महिना लागला की बाईला सुरणकोटला किंवा राजौरीला पाहुण्यांकडे पाठवायचं, शांतता असो वा नसो. ज्यांचे कुणी पाहुणे तिकडे नाहीत त्यांची ती वेगळी यादी ठेवते. माझ्या सांगण्यावरून तिने आणखी एक गोष्ट सुरू केली: माऱ्याच्या किंवा माऱ्याच्या भीतीच्या दिवशी जो कुणी दवाखान्यात जायचा राहिला, त्याचं नाव, आजार आणि न जाण्याचं कारण ती वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. बाळंतिणी आहेत, छातीत दुखूनही रात्रभर घरीच थांबलेला एक शिक्षक आहे, इन्सुलिन संपलेली एक म्हातारी आहे, टाके काढायचे राहून गेलेलं एक पोर आहे. आशांना ही नोंद ठेवायला कुणी सांगितलेलं नाही. रेषेलगतच्या प्रत्येक गावात ती ठेवली गेली पाहिजे, आणि पंचनाम्याबरोबर जिल्ह्याला गेली पाहिजे, एवढंच मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगत असते.

माहेरघरासारख्या खोलीसाठी तिने अर्ज दिला आहे. मागच्या वेळी बोललो तेव्हा तो वरच्या कार्यालयात पाठवला असल्याचं तिला सांगण्यात आलं होतं, आणि पाहुणे नसलेल्यांच्या यादीत तेव्हा तीन नावं होती. त्यातल्या एकीची तारीख पंधरवड्यावर आली होती. तिला कुठे ठेवायचं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी सुरणकोटच्या ज्या घरी मे महिन्यात बाजी स्वतः राहिली होती, तिथल्या बाईला विचारायचं ठरलं.